सचोटी, सच्चेपणा आणि सत्ता : ‘तुघलक’ व ‘घाशीराम कोतवाल’

गिरीश कार्नाड यांचे कन्नड नाटक ‘तुघलक’ (१९६४) आणि विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ (प्रथम प्रयोग १९७२) यांचा विचार ‘सत्ता माणसाला भ्रष्ट करते’ या एकाच सूत्रात करण्याची प्रथा आहे. ‘तुघलक’चा मराठी अनुवाद तेंडुलकरांनीच केल्यामुळे या जवळिकीला बळकटी येते. मात्र या सूत्रामुळे दोन्ही नाटकांतील मूलभूत भेद झाकला जातो.

हा भेद समजून घेण्यासाठी सच्चेपणा आणि सचोटी या दोन संकल्पना वेगळ्या करणे आवश्यक आहे. सच्चेपणा हा व्यक्तीच्या अंतःकरणाचा गुण होय. सचोटी ही शब्द आणि कृती यांच्यातील, म्हणजेच राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातील, संबंधाची कसोटी होय. महंमदाचा सच्चेपणा सहजी नाकारता येत नाही. हिंदू-मुसलमानांना समान न्याय मिळावा ही त्याची आकांक्षा निव्वळ मुखवटा नव्हे. तथापि हाच सुलतान शेख इमामुद्दीनला राजवस्त्रे चढवून मृत्यूच्या तोंडी पाठवतो आणि दिल्लीकरांना दौलताबादेकडे चालायला लावतो. ध्येयावरील निष्ठाच त्याला साधनांची चिकित्सा करू देत नाही. सच्चेपणा येथे सचोटीची हमी न ठरता तिच्या अभावाचे समर्थन बनतो.

अझीझ या पात्राचे महत्त्व यातूनच उलगडते. ब्राह्मणाचे सोंग घेऊन सुलतानाविरुद्ध न्याय मिळवणारा हा धोबी सुलतानाची प्रत्येक उदात्त योजना व्यवसायात रूपांतरित करतो. अखेरीस महंमद त्याला शिक्षा न करता दक्षिणेत अधिकारपद देतो. या निर्णयात केवळ उपरोध नाही. अझीझमध्ये स्वतःचे प्रतिबिंब ओळखल्याची ती कबुली आहे.

‘घाशीराम’मध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. नाना फडणवीसाच्या हेतूविषयी कोणालाही भ्रम नाही. कोतवालीच्या बदल्यात घाशीराम आपली मुलगी देतो, तेव्हा व्यवहार उघड असतो. नानालाही स्वगत आहे. पण महंमदाच्या स्वगतांत द्वंद्व आहे, नानाच्या स्वगतात केवळ हिशेब. शिवाय ब्राह्मणांची मानवी भिंत क्षणात आड उभी राहते, क्षणात नाचू लागते. येथे तपासली जाते ती नेत्याची सद्सद्विवेकबुद्धी नव्हे, तर समूहाची संमती. घाशीराम जमावाच्या हाती दिला जातो आणि नाना निष्कलंक राहतो.

यावर असा आक्षेप संभवतो की हा फरक आशयाचा नसून रूपबंधाचा आहे. एक नाटक ऐतिहासिक शोकात्मिकेच्या वळणाचे, दुसरे लोकनाट्यातील खेळ-कीर्तनाच्या परंपरेतून घडलेले. आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. परंतु नेतृत्वाविषयी कोणता प्रश्न विचारता येईल, हे रूपबंधच ठरवतो. व्यक्तिकेंद्री नाटक ‘त्याच्या मनात काय होते?’ असे विचारते. समूहकेंद्री नाटक ‘हे चालू कोणी दिले?’ असे विचारते.

नेहरूयुगाच्या भ्रमनिरासाचे रूपक म्हणून ‘तुघलक’चे झालेले वाचन पहिल्या प्रश्नापाशीच थांबते. दोन्ही नाटके एकत्र वाचली असता असे दिसते की नेत्याचे अंतःकरण शुद्ध असणे पुरेसे नाही आणि त्याची शुद्धता तपासत राहणे हीदेखील प्रजेची पळवाट ठरू शकते.