‘इंडिया शायनिंग’मुळे सरकार खरंच पडलं का?

राजकारणातल्या जनसंपर्कावर संशोधन करायचं ठरवलं, की प्रस्तावात ‘इंडिया शायनिंग’ येतंच. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘या मोहिमेमुळे २००४ मध्ये वाजपेयी सरकार पडलं.’ हे वाक्य इतक्यांदा वाचलंय, की त्याला पुरावा लागतो हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आज तेच तपासू.

२००३-०४ च्या सुमारास सरकारी खर्चाने या जाहिराती सुरू होत्या. हिंदीत ‘भारत उदय’. मे २००४ मध्ये निकाल लागला: काँग्रेस १४५, भाजप १३८. आधी मोहीम, मग पराभव. पण एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं नाही.

आता राज्यवार आकडे बघा. मध्य प्रदेशात भाजपने २९ पैकी २५ जागा जिंकल्या, राजस्थानात २५ पैकी २१. तमिळनाडूत मात्र सगळ्या ३९ जागा द्रमुक-काँग्रेस आघाडीकडे गेल्या. मोहीम तर देशभराची होती, मग निकाल इतका वेगळा कसा? तमिळनाडूत द्रमुक आधीच भाजपची साथ सोडून गेला होता. मध्य प्रदेश-राजस्थानात भाजपने डिसेंबर २००३ मध्येच विधानसभा जिंकल्या होत्या. म्हणजे आघाड्या आणि राज्यातलं वारं बाजूला ठेवून सगळं खापर जाहिरातीवर फोडता येत नाही.

याचा अर्थ मोहिमेचा परिणाम शून्य, असाही नाही. कदाचित गरीब मतदार दुखावलाही असेल. पण ते दाखवायचं तर त्याच मतदारांची जाहिरातींआधीची आणि नंतरची मतं हवीत. नुसत्या निकालावरून ते कळत नाही.

मला स्वतःला ‘जनसंपर्काने निवडणूक जिंकवली की हरवली?’ या प्रश्नाचाच कंटाळा आलाय. यशाच्या गोष्टी बहुतेकदा मोहीम करणारेच सांगतात, अपयशाच्या गोष्टी निकालानंतर रचल्या जातात. दोघंही जाहिरातीला आहे त्यापेक्षा जास्त ताकद देतात.

त्यापेक्षा दोन प्रश्न हाताळण्यासारखे आहेत. पहिला: चर्चेचा विषय कोणी ठरवला? काँग्रेसने ‘आम आदमी को क्या मिला?’ असं विचारलं, म्हणजे सरकारने मांडलेल्या प्रगतीच्या दाव्यावरच बोट ठेवलं. दोन-तीन वर्तमानपत्रांचे त्या चार-सहा महिन्यांचे अंक काढून हे मोजता येतं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: सरकारची माहिती कुठे संपते आणि सत्ताधारी पक्षाचा प्रचार कुठे सुरू होतो? पैसा करदात्यांचा असतो, त्यामुळे मोहीम हरली काय नि जिंकली काय, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा प्रस्तावात ‘मुळे’ हा शब्द लिहिलात, की जरा थांबा. गाईड विचारण्याआधी स्वतःला विचारा: हे मी दाखवणार कशावरून?