प्रोटिएसोमला कचराकुंडी म्हणावे का?

प्रोटिएसोमची ओळख करून देताना ‘पेशीची कचराकुंडी’ ही उपमा सर्रास वापरली जाते. ती चटकन लक्षात राहते हे खरे. परंतु आमच्या मते ती विद्यार्थ्यांची दिशाभूल करते. कचराकुंडीत कोणीही काहीही टाकावे. प्रोटिएसोमचे तसे नाही.

त्याचा गाभा म्हणजे एकावर एक रचलेली ४ कडी. प्रत्येक कड्यात ७, अशी एकूण २८ प्रथिने. कापणारी स्थाने मधल्या दोन ‘बीटा’ कड्यांच्या पोकळीत दडलेली असतात. बाहेरच्या ‘अल्फा’ कड्यांचे दार इतके अरुंद की घडी पडलेले प्रथिन आत शिरूच शकत नाही. गाभ्याच्या टोकावरचे टोपीसारखे संकुल युबिक्विटिनच्या साखळीची खूण ओळखते, एटीपी खर्चून प्रथिनाची घडी उलगडते आणि त्याचा धागा आत ओढते. खुणेचे युबिक्विटिन मात्र सोडवून पुन्हा वापरले जाते!

या उपमेमुळे एक चांगला प्रश्न वर्गात विचारलाच जात नाही. लयकारिकेभोवती पटल असते. प्रोटिएसोमभोवती ते नसते. मग प्रथिने कापणारे हे यंत्र प्रथिनांनीच भरलेल्या पेशीत बांधायचे कसे? बांधता बांधता ते शेजाऱ्यांनाच कापू लागले तर? कापणारी बीटा प्रथिने तयार होतात तीच टोकाला एक जादा तुकडा घेऊन, जणू म्यानातली सुरी. आधी एक अल्फा व एक बीटा कडे मिळून अर्धा गाभा तयार होतो. असे दोन अर्धे जुळून पोकळी बंद झाली की मगच तो तुकडा तुटतो आणि कापणारे थ्रिओनिन उघडे पडते. या जुळणीला मदत करणारे उम्प-१ हे प्रथिन १९९८ साली यीस्टमध्ये सापडले. ते आतच अडकते आणि नव्या यंत्राचा पहिला घास ठरते.

‘कचरा’ हा शब्दही अपुराच. पेशीविभाजनाच्या अखेरीस तोडले जाणारे सायक्लिन बी हे खराब झालेले प्रथिन नव्हे; त्याची वेळ संपलेली असते, एवढेच. ते तुटले नाही तर पेशी विभाजनातून बाहेर पडू शकत नाही. युबिक्विटिनमार्फत होणाऱ्या विघटनाच्या शोधासाठी सिकॅनोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका ठिकाणी मात्र ही उपमा थोडी उपयोगी पडते. मल्टिपल मायलोमा या कर्करोगातील पेशी प्रतिपिंडे भरमसाट तयार करतात, त्यामुळे बिघडलेल्या प्रथिनांचा ढीगही मोठा. अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळालेले बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिएसोम अडवते. निचरा तुंबतो आणि त्या पेशी मरतात.