परीला पंख कोणी लावले?

परी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते इतके पक्के ठरून गेले आहे, की त्याविषयी शंका घ्यावी असे कोणाला सुचतच नाही. वीतभर उंचीची एक गोरीपान मुलगी, पाठीला फुलपाखराचे पंख, हातात टोकाला चांदणी लावलेली छडी आणि मुद्रेवर कधीही न मावळणारे हसू! मुलांच्या पुस्तकांत, स्नेहसंमेलनांतल्या नाचांत, वाढदिवसाच्या भेटकार्डांवर ती हीच असते. परंतु युरोपातल्या ज्या खेडुतांनी परीच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, त्यांच्यापुढे हे चित्र ठेवले असते तर ‘ही कोण बुवा?’ असेच त्यांनी विचारले असते. त्यांना ठाऊक असलेली परी गोजिरवाणी नव्हती. तिच्याशी जपून वागावे लागे.

किती जपून, हे तिच्या नावांवरूनच कळते. आयर्लंडातला शेतकरी तिच्या जातीचा उल्लेख ‘भली मंडळी’ असा करी. स्कॉटलंडात त्यांना ‘भले शेजारी’ म्हणत आणि वेल्समध्ये ‘गोरे कुटुंब’. ही नावे प्रेमाची नव्हेत, धास्तीची आहेत. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडे म्हणतात. अंगावर फोड उठवून माणसाला आंधळे करणाऱ्या रोगाला आपण ‘देवी’ म्हटले आणि ‘देवी आल्या’ असे बहुवचनी, आदरार्थी बोललो. ज्याचा राग परवडत नाही त्याला माणूस चांगले नाव देतो. म्हणून ‘भली मंडळी’ ऐकून गहिवरणाऱ्या शहरी वाचकाला त्या शब्दाआडचा कापरा आवाज ऐकूच आलेला नसतो.

या मंडळींचे एक विलक्षण टिपण रॉबर्ट कर्क नावाच्या पाद्र्याने करून ठेवले आहे. स्कॉटलंडातील ॲबरफॉइल गावचा हा धर्मोपदेशक. गेलिक भाषेत स्तोत्रांचे भाषांतर करणारा विद्वान आणि धर्मनिष्ठ गृहस्थ. त्याने १६९१-९२ च्या सुमारास गावकऱ्यांकडून ऐकलेली माहिती एखाद्या दूरच्या प्रांताची हकिकत लिहावी तशी सरळपणे लिहून काढली. ही मंडळी माणूस आणि देवदूत यांच्या मधल्या जातीची. त्यांचे देह दाट ढगासारखे. ती टेकड्यांच्या पोटात राहतात आणि वर्षातून चार वेळा बिऱ्हाड हलवतात. त्यांच्यातही लग्ने, बाळंतपणे आणि प्रेतयात्रा असतात. हे पुस्तक छापून निघाले ते १८१५ साली. कर्क स्वतः १६९२ साली वारला. पण गावाने ते मानले नाही. टेकडीवर फिरायला गेलेल्या पाद्रीबुवांना त्या मंडळींनी आत ओढून नेले, अशी आख्यायिका तिथे रूढ झाली. ज्याने त्यांचे गुपित फोडले त्याला त्यांनी ठेवून घेतले! पंखवाल्या परीविषयी अशी आख्यायिका रचता येईल काय?

लोककथेतली परी म्हणजे शेजार आहे. दिसत नाही, पण हद्द मात्र ठरलेली आहे, असा शेजार. या शेजाराचे नियम असतात. त्यांच्या घरी गेलात तर अन्नाला तोंड लावू नका, नाहीतर परतीची वाट बंद. ब्राउनी नावाचा केसाळ गडी रात्री येऊन दळणकांडण करून जातो. त्याच्यासाठी वाटीभर साय ठेवा, पण त्याला मजुरी म्हणून कपडे देऊ नका. दिलेत की तो कायमचा निघून जाईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तान्ह्या मुलाला एकटे टाकू नका. ती मंडळी गुटगुटीत मूल उचलतात आणि पाळण्यात आपले किरकिरे, कधीही न वाढणारे पोर ठेवून जातात. यावर तोडगा लोखंडाचा. पाळण्यावर चिमटा आडवा ठेवीत, कारण लोखंड त्या मंडळींना सोसत नाही. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवणाऱ्या आपल्या आजीबाईला हा चिमटा पाहून मुळीच नवल वाटले नसते. मुले पटापट मरत होती, काही न कळणाऱ्या दुखण्यांनी झिजत होती. त्या काळातल्या आयांनी आपल्या भयाला दिलेला हा आकार आहे.

मग ही परी एवढीशी झाली कशी? सगळा दोष एकट्या साहित्यिकांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. तेराव्या शतकाच्या आरंभी टिल्बरीच्या गर्व्हेझने लिहिलेल्या ग्रंथात अर्ध्या इंचाचे घरभुते आहेत, म्हणजे चिमुकली भुते लोककथेला अगदीच परकी नव्हती. पण ती अनेक आकारांपैकी एका आकाराची होती. बाकीचे आकार पुसून तेवढाच एक ठेवला तो मात्र कवींनी. शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, परीची सेवकमंडळी फुलांच्या आणि पतंगांच्या नावांनी वावरू लागली. त्यानंतर मायकेल ड्रेटनने १६२७ साली ‘निंफिडिया’त मुंगीएवढ्या दरबाराचे विनोदी महाकाव्य रचले. पुढे पोपने ‘रेप ऑफ द लॉक’ या काव्याच्या १७१४ च्या वाढीव आवृत्तीत पॅरासेल्ससच्या वायुतत्त्वाच्या भुतांना बोलावून आणले, त्यांना किड्यांसारखे पंख दिले आणि एका सुंदरीच्या बटांची राखण करायला बसवले. तेव्हापासून पंख चिकटले ते चिकटलेच. जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथे दिलेल्या परीकथांवरील व्याख्यानात या चिमुकलेपणावर सडकून टीका केली आणि ड्रेटनला त्याचा एक पूर्वज ठरवले, ते योग्यच होते.

शेक्सपिअरच्या बाबतीत मात्र मला थोडी वकिली करावीशी वाटते. त्याच्या सेविका चिमुकल्या असतील, पण टिटॅनिया आणि ऑबेरॉन यांच्यात बेबनाव झाला की ऋतू उलटेपालटे होतात, नद्या शेतात शिरतात, पीक कुजते. ही जुनी सत्ता आहे. आणि भांडणाचे मूळ तरी काय? एक पळवलेला मुलगा. आणि तो हिंदुस्थानातला! पक म्हणतो, तो हिंदुस्थानच्या राजाकडून चोरला. टिटॅनिया म्हणते, त्याची आई माझी भक्त होती, ती बाळंतपणात गेली म्हणून मी त्याला वाढवते. पाळण्यातून मूल नेणारी ती जुनी परी इथे नाटकाच्या तळाशी जागीच आहे. शेक्सपिअरने परीला लहान केले असेल, क्षुल्लक केले नाही. क्षुल्लक केले ते त्याच्या अनुकरणकर्त्यांनी.

आता आपल्या भाषेकडे येऊ. फ्रेंच भाषेत परीला ‘फे’ म्हणतात आणि तो शब्द ‘फाता’ या लॅटिन शब्दावरून, म्हणजे नियतीवरून आला आहे. इंग्रजी ‘फेअरी’ही त्याच कुळातला. मूल जन्मले की येऊन त्याचे भवितव्य ठरवणाऱ्या त्या बाया होत. पेरोच्या १६९७ च्या संग्रहातील झोपलेल्या राजकन्येची गोष्ट आठवा. बारशाच्या जेवणाला सात पऱ्या बोलावल्या, आठवी म्हातारी विसरली गेली. सोन्याच्या पेट्या सातच घडवल्या होत्या, तिच्यासाठी एकही नव्हती. या अपमानातून शाप निघाला. ग्रिम बंधूंच्या कथेत राजाकडे सोन्याची ताटे बाराच आणि बोलावण्याजोग्या बाया तेरा. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत त्यांना ‘फे’च म्हटले होते, पुढे ग्रिमांनी तो परका शब्द काढून ‘शहाण्या बाया’ असा शब्द घातला. आपल्या भाषेतला नेमका शब्द शोधण्याची ही निष्ठा पाहण्यासारखी आहे.

आपण काय केले? आपण फारशीतून आलेला ‘परी’ हा शब्द उचलला. तो गोड आहे यात शंका नाही. पण मुलाच्या कपाळी भवितव्य लिहिणारी बाई आपल्या घरात होतीच की! पाचवी-सहावीच्या रात्री जिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती सटवाई. पेरोची ती म्हातारी फे आणि आपली सटवाई या कामाने सख्ख्या बहिणी आहेत. पाण्याकाठच्या आसरा आहेत, वाटसरूला रात्रभर एकाच शेतात फिरवणारा चकवा आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या पिक्सी हेच चकव्याचे काम करतात. भाषांतरकारांनी ‘सटवाईने राजकन्येला शाप दिला’ असे लिहावे, असा माझा आग्रह नाही. ते हास्यास्पद होईल. पण ‘परी’ शब्दाबरोबर केवळ सौंदर्य आले आणि नियती उंबऱ्याबाहेर राहिली, एवढे तरी ध्यानात घ्यावे. गंमत अशी, की खुद्द ‘परी’चेही हेच झाले आहे. अवेस्तात तिची पूर्वज ‘पइरिका’ ही दुष्ट मायाविनी आहे. फारशी कवींच्या हाती पडल्यावर ती रूपवती झाली. कवींच्या तावडीतून कोणतीच परी सुटलेली दिसत नाही.

या प्रवासाचा शेवट दोन ठिकाणी स्पष्ट दिसतो. १९०४ साली लंडनच्या रंगभूमीवर बॅरीचे ‘पीटर पॅन’ आले. त्यात टिंकर बेल मरू लागते आणि प्रेक्षकांतल्या मुलांनी आपला परीवर विश्वास आहे हे टाळ्या वाजवून सांगितले की ती जगते. प्रसंग रंगतो खरा; पण केवढी उलथापालथ आहे ही! पूर्वी परीवर विश्वास न ठेवणे माणसाला महाग पडे. आता माणसाने विश्वास न ठेवला तर परीच मरते. दुसरे ठिकाण यॉर्कशायरमधले कॉटिंग्ली. तिथे १९१७ साली एल्सी आणि फ्रान्सिस या मावसबहिणींनी पऱ्यांची छायाचित्रे काढली. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याने ती १९२० च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात खरी म्हणून छापली. १९८३ साली त्या दोघींनी, तोवर म्हाताऱ्या झालेल्या, कबूल केले की चित्रे कापून टोपीच्या टाचण्यांनी ती उभी केली होती. डॉइल फसला याचे कारण सोपे आहे. त्या पऱ्या हुबेहूब चित्रांच्या पुस्तकातल्यासारख्या होत्या, म्हणून त्या त्याला ओळखीच्या वाटल्या. कर्कच्या गावातली एखादी गवळण क्षणभरही फसली नसती.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ‘मग ती जुनी भयंकर परी परत आणावी असे तुमचे म्हणणे आहे काय?’ या प्रश्नाला घाईने ‘होय’ म्हणता येत नाही. १८९५ च्या मार्चमध्ये आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही तरुण शिवणकाम करणारी बाई आजारी पडली. तिचा नवरा मायकेल याने ठरवले, की ही आपली बायको नव्हेच. खरी पळवली गेली असून ही तिच्या जागी ठेवलेली आहे. तिला बळजबरीने वनस्पतींचे काढे पाजले, चुलीच्या जाळीवर धरले आणि शेवटी जाळले. आप्तेष्ट तिथे हजर होते. नंतर तो जवळच्या एका प्राचीन गढीपाशी रात्री वाट पाहत राहिला. पांढऱ्या घोड्यावर बसून खरी बायको बाहेर येईल, असा त्याचा दावा होता. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, तो १९१० साली सुटला. ब्रिजेट स्वतःच्या हातांनी चार पैसे मिळवीत होती, तिचे वागणे स्वतंत्र होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. नको असलेल्या बाईला ‘ही माणूसच नव्हे’ असे ठरवण्याची सोय जुन्या श्रद्धेने करून दिली. हडळ, चेटकीण म्हणून बायकांना मारल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की श्रद्धा गेली ते उत्तम झाले, पण तिच्याबरोबर गोष्टीतले भय जायला नको होते. ही दोन निराळी आहेत. भयावर श्रद्धा ठेवणारा माणूस दुसऱ्याला जाळू शकतो. भयाची गोष्ट ऐकणारे मूल आपले भय ओळखायला शिकते. जग आपल्या लाडासाठी निर्माण झालेले नाही, काही दारे न विचारता उघडू नयेत, जेवायला बोलावताना कोपऱ्यातली म्हातारी विसरू नये, आणि फुकट मिळालेल्या मदतीची किंमत कधी ना कधी मोजावी लागते, हे सारे त्या गोष्टी उपदेश न करता सांगत होत्या. पंखवाली परी यातले काहीच सांगत नाही. ती इच्छा विचारते, छडी फिरवते आणि निघून जाते. तिच्याजवळ नियम नाही, म्हणून तिच्या गोष्टीत पेचही नाही.

या दिवाळीत मुलांना परीकथांचे पुस्तक आणाल तेव्हा मुखपृष्ठावरचे पंख पाहून ठरवू नका; आत एखादी न बोलावलेली म्हातारी आहे का, तेवढे पाहा. मुले तिला घाबरतील, पांघरूण डोक्यावर ओढतील आणि दुसऱ्या रात्री तीच गोष्ट पुन्हा मागतील.