‘अस्तु’ आणि एका शब्दाचे दोन अर्थ

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट २०१३ सालचा. त्याची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. तीत भर घालण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. बेळगावास आमच्या देवळातील गीतावर्गाच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसमवेत तो नुकताच पुन्हा पाहिला. शेवटी एका मुलाने विचारले, “आमचे आजोबा पूर्वी फार रागवायचे. म्हणूनच का त्यांना हे झाले?” आमची टीकाकाराची ऐट तेथेच उतरली.

प्रश्नाचे मूळ उघड होते. क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा विभ्रम आणि त्यातून बुद्धीचा नाश, ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील उतरंड मुलांनी तोंडपाठ केलेली. आणि डॉक्टरांच्या तोंडी या व्याधीचे नाव तेही ‘स्मृतिभ्रंश’च! गीतेतला तो विवेकाचा भ्रंश. हा मेंदूच्या पेशी झिजविणारा रोग. आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्याने एका मृत स्त्रीच्या मेंदूत आढळलेल्या त्याच्या खुणा १९०६ साली विद्वानांपुढे मांडल्या. हा भेद मुलांस सांगावा, असे आम्हां शिकविणारांस कधी सुचले नाही.

चित्रपटातील चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) हे संस्कृतचे पंडित. हत्तीच्या ओढीने ते मोटारीतून उतरून त्याच्यामागोमाग निघून जातात, तेव्हा मुले हसली. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. भीती मात्र होती. कन्या इरा (इरावती हर्षे) वणवण शोधू लागली तसे ते मावळले. माहुताची बायको चन्नम्मा हिच्या कानडी वळणाच्या बोलण्याशी तर सारी तत्काळ समरस झाली. सीमाभागातील पोरे ती! अमृता सुभाष यांस या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्य होय. चन्नम्मा शास्त्रीबुवांस ‘मी कोण, सांगा पाहू?’ असे विचारीत नाही. आमची मुले घरी नेमके हेच विचारतात. पाठांतराची परीक्षा घ्यावी तशी आजोबांची परीक्षा घेतात, आणि उत्तर चुकले की खट्टू होऊन दूर सरतात.

एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. शास्त्रीबुवांच्या विस्मृतीस चित्रपट अधूनमधून तत्त्वज्ञानाची झालर लावतो. भूतभविष्य गळून गेलेला माणूस जणू मुक्तच, असा भास होतो. प्रौढांस हे गोड वाटेल. एक मुलगी मात्र पुटपुटली, की तिची आजी मुक्त वगैरे काही नाही, दिवेलागणीला ती रोज घाबरते. हे दिग्दर्शकांस ठाऊक नव्हते असे नव्हे. मुलींची दमछाक त्यांनी निर्भीडपणे दाखविली आहे. तरीही शब्दांचा मोह त्यांस आवरला नाही.

त्या मुलास आम्ही स्पष्ट ‘नाही’ म्हणून सांगितले. रागाचा आणि या रोगाचा संबंध कसा नाही, तेही समजावले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आईला तुम्हीच सांगाल का? तिलाही तसेच वाटते.”