मूळ घाट न मोडता

मारुती एस्टीम ही देखणी गाडी आहे, आणि तिचं देखणेपण आपल्याकडे फार कमी लोकांनी ओळखलं. १९९४ साली ती आली तेव्हा ती डॉक्टरांची, वकिलांची, कारखान्याच्या मॅनेजरची गाडी होती. मग १९९८ मध्ये होंडा सिटी आली, पाठोपाठ ह्युंदाईची अ‍ॅक्सेंट आली आणि एस्टीम मागच्या रांगेत गेली. २००७ च्या अखेरीस तिचं उत्पादन थांबलं तेव्हा कोणाला फारशी हळहळही वाटली नाही. पण आजच्या जाडजूड, उंच कमरेच्या गाड्यांशेजारी एखादी नीट राखलेली एस्टीम उभी करून पाहा. बॉनेट उतरतं, खिडक्यांची खालची रेषा खांद्याच्या बरीच खाली, काच भरपूर, छताला तोलणारे खांब बारीक. आत बसलेल्या माणसाला चारी बाजूंचा रस्ता दिसतो. नव्वदच्या दशकात सेडान या प्रकाराला जो हलकेपणा होता, तो तिच्यात जवळजवळ शुद्ध स्वरूपात उतरला आहे.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या एका तरुणाची चंदेरी एस्टीम. २००१ चं व्हीएक्स मॉडेल. त्याने ती एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली आणि पगारातून उरेल तसे पैसे घालत, एका वेळी एकच काम काढत, मनासारखी करून घेतली. कमी पैशात सजवलेल्या जुन्या गाड्या मी पुष्कळ पाहतो. बहुतेकींत मालकाची हौस दिसते, गाडी दिसत नाही. या गाडीत आधी एस्टीम दिसते आणि मग बऱ्याच वेळाने लक्षात येतं, की हिच्यावर कोणीतरी हात फिरवलेला आहे.

सुरुवात चाकांपासून करू, कारण नजर तिथेच जाते आणि बहुतेकांचा तोलही तिथेच जातो. मूळ टायर १७५/७० आर १३. त्याने बसवले १८५/६० आर १४. वाचताना हे नुसते आकडे वाटतील, पण सगळी समज त्या आकड्यांत आहे. जुन्या टायरचा पूर्ण व्यास ५७५ मिलिमीटर, नव्याचा ५७८च्या आत. फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, गिअरची चाल बदलत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी टायर मडगार्डला घासत नाही. दोन्ही टायरांचा भारांक ८२, म्हणजे प्रत्येकी ४७५ किलो. तिथेही तडजोड नाही. बदललं ते एवढंच, की रबराची भिंत सुमारे बारा मिलिमीटरने बुटकी झाली आणि चाकाची कमान टायरने भरल्यासारखी दिसू लागली. सोळा इंची चाकं घालून बैलगाडीसारखी खडखडणारी एस्टीमही मी पाहिली आहे. इथे फक्त एक इंच वाढवलं, आणि तो इंच गाडीला शोभतो.

या चाकांमागे एक गोष्ट दडलेली आहे. ती मला या साऱ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. बाजारात मिळणारी अलॉय चाकं अनेक गाड्यांना बसावीत म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं ठेवलेलं असतं. मग ते चाक हबवर बसत नाही, नुसत्या चार बोल्टांवर तोलून राहतं. केसाएवढं जरी बाजूला सरकलं तरी ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. मालक बॅलन्सिंग करून करून थकतो आणि शेवटी दोष गाडीच्या वयाला देतो. या तरुणाने हबचा उंचवटा आणि चाकाचं भोक व्हर्निअरने मोजलं, अ‍ॅल्युमिनियमचा बार घेतला आणि स्वतःच्या हाताने चार रिंगा टर्न केल्या. एक रिंग काढून त्याने माझ्या हातात दिली. कडेला बारीक चॅम्फर, आतून आरशासारखी फिनिश. हबवर ठेवली की सैल नाही, घट्ट नाही, अंगठ्याच्या दाबाने सरकत जाऊन बसते. चाक बसवल्यावर ती रिंग कधीच कोणाला दिसणार नाही. तरीही तिच्या कडा त्याने घासून गुळगुळीत केल्या आहेत.

गाडी खाली बसवायला त्याने स्प्रिंग कापलेल्या नाहीत, हेही इथेच नोंदवतो. स्वस्तातल्या हौसेचा हा सर्वांत मोठा मोह. एक वेढा कापला की गाडी लगेच खाली येते आणि रुबाबदार दिसते. पण कापलेली स्प्रिंग जास्त कडक होते, शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र जुन्याच हिशेबाचा राहतो, चालीला जागा उरत नाही आणि प्रत्येक गतिरोधकावर धडका बसतात. एस्टीमला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मागेसुद्धा. त्या काळात आपल्याकडे ही चैनच होती. ते बिघडवायचं कशाला? त्याने लोअर आर्मचे बुश, स्ट्रटच्या वरची रबरं आणि चारही शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे घातले. वीस वर्षांत रबर दगड होतं. ते बदललं की गाडी पुन्हा मूळच्या स्वभावावर येते.

हा स्वभाव कळला तो आंबा घाटात. साखरप्याकडे उतरताना मी चालकाशेजारी बसलो होतो. १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ८५ अश्वशक्ती, आणि ओढायचं वजन जेमतेम नऊशे किलोच्या आसपास. त्यामुळे ही गाडी मुळातच चपळ आहे, इंजिनात काही ओतायची गरज नाही, आणि त्याने ओतलेलंही नाही. याच कुळातलं इंजिन जिप्सीत होतं, २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्येही होतं. म्हणून त्याचे सुटे भाग आजही मिळतात आणि जवळपास प्रत्येक मेस्त्रीला ते इंजिन पाठ आहे. जुनी गाडी निवडताना ही गोष्ट रंगापेक्षा महत्त्वाची. वळणात गाडी झुकते, पण डुलत नाही. ब्रेक मूळचेच आहेत, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. नवे पॅड, मागे नवे शू, आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदललेलं. ते तेल हवेतला ओलावा शोषतं, मग त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि नेमका घाटातच पेडल मऊ पडतं. हे काही शे रुपयांचं काम आहे. मोठाले ब्रेक बसवण्याच्या गप्पा मारणाऱ्या किती जणांनी ते वेळेवर केलेलं असतं?

परतताना अंधार पडला आणि दिवे लागले. दिव्यांवर थोडं सविस्तर लिहायला हवं. जुन्या गाडीचे दिवे मंद झाले की लोक शंभर-शंभर वॉटचे बल्ब नाहीतर भगभगीत निळे एलईडी ठोकतात. त्याने बल्ब ६०/५५ वॉटचेच ठेवले, बदलली ती वायरिंग. पूर्वीच्या रचनेत हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. दोन दिव्यांचे मिळून दहा अँपिअर बारीक, जुन्या तारांतून आणि झिजलेल्या संपर्कांतून जाताना वाटेतच दाब घटतो. टाकी भरलेली असावी आणि नळ मात्र करंगळीएवढा यावा, तसं. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड सुमारे तीस टक्के पडतो, हे हॅलोजनचं गणित आहे. त्याने दोन रिले बसवले, बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड तार टाकली, मध्ये फ्यूज घातला. स्विचकडे आता फक्त हुकूम देण्याचं काम उरलं. त्यामुळे तेच दिवे, त्याच काचा, पण झाडांच्या बुंध्यापर्यंत पिवळा, भरीव, स्थिर उजेड, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांना अजिबात त्रास नाही. पैशाच्या मानाने एवढा मोठा पालट दुसऱ्या कुठल्या कामाने होत असेल असं मला वाटत नाही.

रंगाबाबत त्याने संयम पाळला, आणि तो कठीण होता. चंदेरी मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. गनचा दाब, अंतर, हाताचा वेग यांत जरा फरक पडला की ते कण वेगळे बसतात, आणि रंगाचा डबा तोच असूनही डाग उठून दिसतो. दारांच्या तळाशी गंज होता. तिथला पत्रा कापून नवा जोडला, लांबी अगदी पातळ भरली. चुंबक लावून पाहिला, सगळीकडे धरतो. पेंटरने नवा रंग त्या तुकड्यापाशी न थांबवता दाराच्या मध्यापर्यंत विरळ करत नेला आणि वरचं क्लिअरकोट पूर्ण दारावर मारलं. उन्हात तिरकं उभं राहून पाहिलं, सांधा सापडला नाही. बॉनेटवरच्या वीस वर्षांच्या बारीक खुणा मात्र तशाच ठेवल्या. ते मला फार आवडलं.

आत शिरल्यावर हाताला आधी लागतं ते स्टिअरिंग. त्यावर चामडं चढवलंय, तेही चप्पल शिवणाऱ्या एका कारागिराकडून. कोल्हापुरी चपलेचं वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेलं चामडं; पातळ करून, ओलं असताना ताणून, आतल्या कडेने हाताने शिवलेलं. टाके एकसारखे, गाठ कुठेही बोटाला लागत नाही. हाताच्या तेलाने दहा आणि दोनच्या जागा गडद व्हायला लागल्या आहेत. सीटचं मूळ कापड फाटलं होतं तिथेच नवं जोडलं, रेक्झिनचं कव्हर टाळलं. मे महिन्यात ज्याने रेक्झिनवर बसून प्रवास केला आहे, त्याला यातली जाण वेगळी सांगायला नको.

एक गोष्ट खटकते. मागे सायलेन्सरच्या तोंडाला त्याने जाड, चकचकीत नळी बसवली आहे. आतला सायलेन्सर मूळचाच, आवाज मूळचाच, मग ही नळी नसलेल्या ताकदीचा देखावा करते. ज्या गाडीत कुठेच खोटं नाही तिथे हा एक तुकडा परका वाटतो. मी तसं सांगितलं, त्याला पटलेलं नाही.

कायद्याचा काच या कामाला होताच. जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाईल असा बदल गाडीत करता येत नाही. काचांवरच्या काळ्या फिल्म २०१२ पासूनच बंद. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद करावी लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, मग नोंदणी पुढे सरकते. अनेक हौशी लोक या नियमांवर चिडतात. या गाडीला ते आडवे आले नाहीत, कारण तिच्यात लपवण्यासारखं काही नाही.

खर्चाचा जवळजवळ निम्मा वाटा चाकं आणि टायर यांचा, उरलेल्यातला मोठा भाग रबर, ब्रेक आणि पत्रा यांचा. सजावट म्हणावी असं त्यात फक्त स्टिअरिंगचं चामडं आहे आणि ती नळी. माझ्या मते कमी पैशात जुनी सेडान कशी हाताळावी याचा इतका चांगला नमुना सध्या आपल्याकडे विरळाच. तुमच्या दारात अशी एखादी गाडी उभी असेल आणि भंगारवाला भाव सांगून गेला असेल, तर त्याला होकार देण्याआधी टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. मग रात्री इंजिन चालू ठेवून, दिवे लावून बल्बच्या टोकाला मीटर धरा आणि बॅटरीशी ताडून पाहा. काम या दोन ठिकाणांपासून सुरू करा.