नित्य वर्तमानकाळातला माणूस

मेंदूवरचे पुस्तक दिसले की सामान्य वाचक ते अदबीने परत कपाटात ठेवतो. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. तेव्हा सुझान कॉर्किन यांचे २०१३ साली निघालेले ‘परमनंट प्रेझेंट टेन्स’ मीही बिचकतच उघडले. मुलांना तीन काळ शिकवणाऱ्या मास्तराला ते नावच ओढून घेऊन गेले. ज्याच्यापाशी फक्त वर्तमानकाळच उरला, अशा एका माणसाची ही हकीकत आहे.

हेन्री मोलेसन हा अमेरिकेतील कनेटिकट राज्यातला, अपस्माराने गांजलेला तरुण. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढून टाकला. झटके कमी झाले. पण नवी आठवण टिकेनाशी झाली. नुकताच भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला की त्याला परकाच. कॉर्किनबाईंनी १९६२ पासून २००८ मध्ये त्याचे देहावसान होईपर्यंत त्याचा अभ्यास केला. इतक्या वर्षांनंतर त्याची समजूत एवढीच, की या बाई बहुधा आपल्या शाळेत असाव्यात!

पुस्तकाचे खरे बळ अभ्यासपद्धतीच्या वर्णनात आहे. मेंदूचे शास्त्र म्हटले की आपल्यापुढे अवजड यंत्रे उभी राहतात. पण माँट्रियलहून आलेल्या ब्रेंडा मिल्नर यांना लागले काय? दुहेरी रेघेची चांदणी काढलेला कागद, एक पेन्सिल आणि एक आरसा. हात झाकलेला, आरशात पाहून दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. प्रथम कुणाचाही हात भलतीकडेच वळतो, तसा हेन्रीचाही वळला. तीन दिवसांत मात्र तो सफाईने चांदणी गिरवू लागला. आणि आपण हे पूर्वी केले आहे, याची त्याला गंधवार्ताही नव्हती. मनाला ठाऊक नाही ते हाताला ठाऊक! सनावळ्या ध्यानात ठेवणे आणि अक्षराला वळण लागणे या दोन गोष्टी मेंदू निरनिराळ्या वाटांनी करतो, हे या साध्या प्रयोगाने उजेडात आणले.

यंत्रांचे मोलही कमी नाही. स्कोव्हिल यांचा अंदाज, आपण सुमारे ८ सेंटिमीटरपर्यंतचा भाग काढला. पुढे एम. आर. आय.च्या चित्रांत ते अंतर ५ सेंटिमीटरच्या आसपास भरले. जागा किती गेली ते यंत्राने सांगितले. त्या जागेबरोबर काय गेले आणि काय राहिले, ते आरशाने. ही जोडी बाईंनी फार नेटकी लावून दाखवली आहे.

माझी तक्रार निराळी आहे. हेन्री एकेका चाचणीपुरता येतो आणि उठून जातो. शब्दकोडी सोडवणारा, गोड स्वभावाचा हा गृहस्थ आपल्याला आवडू लागतो न लागतो, तोच पुढची चाचणी सुरू होते. दुसऱ्यांच्या उपयोगी पडण्यात त्याला समाधान होते, असे बाई सांगतात. ते खरेही असेल. परंतु जो आपला होकार घटकाभरात विसरतो, त्याचा होकार किती दिवस पुरतो? स्कोव्हिल यांचे नातू ल्यूक डिट्रिक यांनी २०१६ च्या ‘पेशंट एच. एम.’मध्ये संमतीचा हा प्रश्न रोखठोक विचारला आहे. कॉर्किनबाई मात्र त्यापाशी पुरेशा थांबत नाहीत.

मृत्यूनंतर, २००९ साली, सॅन डिएगो येथे हेन्रीच्या मेंदूचे २४०१ पातळ काप करण्यात आले. ते जपून ठेवले आहेत, हे योग्यच झाले. पण त्याच्या हयातीत दर भेटीला कुणीतरी त्याला आपले नाव नव्याने सांगत होते, हेही जपण्याजोगे आहे. पुस्तकाच्या ज्या पानांवर ते दिसते, ती पाने मला सर्वांत मोलाची वाटली. तेवढ्यासाठी तरी हे पुस्तक घरात सर्वांनी वाचावे.