भिंतीवरील संहिता आणि ‘वाचना’ची मर्यादा

चर्चमधील चित्रे म्हणजे निरक्षरांचे वाचन, ही पोप पहिले ग्रेगरी यांची इ. स. ६०० च्या सुमाराची भूमिका. सरे परगण्यातील चाल्डन येथील सुमारे १२०० मधील भित्तिचित्र तिची मर्यादा स्पष्ट करते. मध्ये शिडी, वर उद्धार, खाली यातना आणि ज्वाळांत बसलेला सावकार. त्याचे पाप ओळखण्यासाठी प्रवचनाचे श्रवण आधी घडलेले असावे लागते. अर्थात, चित्र ग्रंथाचा पर्याय नसून श्रुताचे स्मरण ठरते. १५४७ नंतरच्या धर्मसुधारणेत अशा अनेक चित्रांवर चुना चढला, भिंतींवर बायबलमधील वचने आली. प्रतिमेबरोबर निरक्षर श्रोत्याचा अर्थनिर्मितीतील वाटाही आक्रसला. चुन्याखाली टिकलेले चाल्डनचे चित्र १८७० च्या सुमारास उजेडात आले. त्याचा श्रोता मात्र तौलनिक अभ्यासालाच शोधावा लागेल.